मेलितोन भावजींचं खेचर

माझे थोरले दीर मेलितोन चुरा यांना कोणी काही विचारलं की ते आधी आपल्या टायरच्या चपलांकडे बघायचे. उत्तर तिथे लिहिलंय आणि अक्षर लागत नाही, असं वाटायचं. मग बऱ्याच वेळाने "हं" म्हणायचे. सासूबाई म्हणायच्या, देवाने या पोराची जीभ बोटांत नेऊन ठेवली. आणि ते खरंच होतं. चारांगो, आमचं तारांचं वाद्य, हातात आला की भावजी एवढं बोलायचे की माझा नवरा लेआंद्रो, जो दिवसभर तोंड मिटत नसे, तोही गप्प बसून ऐकायचा.

एकदा खालच्या शहरातून एक मास्तर आमच्या चिरिपाता गावात आले होते. भावजींच्या भिंतीवर चारांगो आणि गितारिया शेजारी शेजारी टांगलेली बघून ते म्हणाले, छान, एक छोटी गिटार आणि एक मोठी गिटार. पाहुणे होते म्हणून कोणी काही बोललं नाही. सासूबाईंनी मात्र हसू दाबता दाबता सूपात दोनदा मीठ टाकलं.

दोन्हींना तारांच्या पाच पाच जोड्या आणि दोन्ही छातीशी धरून वाजवायची, एवढंच काय ते सारखेपण. चारांगो एका लाकडात कोरलेला, पाठ गोल, काखेत कोंबडी धरावी तसा बसतो. दांडी अरुंद, तारा पोलादी, आवाज बारीक आणि टोचरा. पहाटे घागरीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरतो, तो बोटाने मोडला की होतो तसा. गितारिया फळ्या जोडून केलेली, पोट मोठं, दांडी रुंद, तारा पूर्वी आतड्याच्या आणि आता नायलॉनच्या. तिचा आवाज जाडा, ओला, डबक्यातून आल्यासारखा. पण हे सगळं वरवरचं. खरी गोष्ट अशी की गितारिया पाऊस बोलावते आणि चारांगो हिव बोलावतो.

नोव्हेंबरात आपल्या मेलेल्या माणसांना जेवू घातलं की गितारिया भिंतीवरून उतरते आणि फेब्रुवारीतल्या कार्निव्हलपर्यंत वाजते, कारण तेव्हा बटाटा जमिनीच्या पोटात असतो आणि त्याला पाणी हवं असतं. ईस्टरला चारांगो उतरतो, कारण जूनमध्ये, म्हणजे आमच्या ऐन हिवाळ्यात, बटाटा जमिनीवर पसरलेला असतो आणि त्याला हिव हवं असतं. रात्रीच्या कडाक्यात तो दगडासारखा गोठतो, सकाळी पायांनी तुडवून त्याचं पाणी काढायचं, उन्हात वाळवायचा, की झाला चुन्यो. घरात चुन्यो आहे म्हणजे वर्षभर जेवण आहे. जूनमध्ये आभाळ आलं तर त्याच बटाट्याचा चिखल होतो. त्यामुळे कोणी कधी काय वाजवावं हा आमच्याकडे हौसेचा प्रश्न नाही.

आमच्यात चारांगो पुरुष वाजवतो आणि त्यावर बाई गाते, गितारियावर गाणं नसतं. ओळी बाईच्या, जागच्या जागी जुळवलेल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा टोमणे. भावजींच्या चारांगोवर तीन हिवाळे कासियाना गायली. ही वरच्या उतारावर राहायची, नवरा जाऊन चार वर्षं झालेली, पदरी मूल नाही, लोकरीसाठी पाळलेली अठरा लामा जनावरं आणि कोणाच्या बापाला न भिणारी जीभ. भावजी तेव्हा अडतिसाचे, बिनलग्नाचे. मे महिन्यात क्रुसाच्या सणाला ही समोर उभी राहून गाऊन विचारायची, एवढा मोठा वाजवणारा, मग चूल अजून आईची का. गाव हसायचं, भावजी चपला बघायचे, आणि बोटं मात्र तिला असं काही उत्तर द्यायची की तीच पुढची ओळ विसरायची. तीन वर्षांत दोघांत याखेरीज एक शब्द झाला नव्हता. सगळं गाव वाट बघत होतं. सासूबाई तर घोंगडी विणून बसल्या होत्या.

त्यात गाढवाने घोळ केला. पेरणीच्या दिवसांत भावजी गाढवाची दोरी डाव्या हाताला गुंडाळून उभे होते, गाढव कशाला तरी बुजलं आणि उधळलं. भावजींची दोन मधली बोटं मोडली. हाडं बसवणाऱ्याने बसवली, पण ती आकड्यासारखी वाकडी राहिली. गितारियाच्या रुंद दांडीवर तारांत अंतर असतं, तिथे वाकडं बोटही आपल्या जागी पडायचं. चारांगोच्या दांडीवर एक बोट टेकवलं की दोन जोड्या दाबल्या जायच्या. म्हणजे भावजी पावसाळ्यात बोलते आणि हिवाळ्यात मुके झाले.

त्या मे महिन्यात ते सणाला आलेच नाहीत. कासियाना आली. तिने भाजलेले वाटाणे सोलले, खाल्ले, दुसऱ्या दोघांनी आपला चारांगो तिच्यापुढे केला तर घसा बसलाय म्हणाली, आणि ऊन उतरायच्या आत वर निघून गेली.

पुढचा सगळा पावसाळा भावजी गोठ्याच्या मागे काहीतरी कोरत बसायचे. विचारलं तर चपला. ईस्टरला ते वाद्य बाहेर आलं तेव्हा कळलं. पाठ चारांगोसारखी एका लाकडात कोरलेली, तारा पोलादी, पण दांडी गितारियाची, चांगली रुंद. एवढी दांडी पेलायची म्हणून पोटही फुगवलेलं. लेआंद्रोने ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि म्हणाला, "दादा, हे घोडंही नाही आणि गाढवही नाही. हे खेचर झालं." तेच नाव पडलं.

खेचर वाजायचं बरं. पण जडच. भावजींना भीती होती की तारा जास्त ताणल्या तर रुंद दांडी वाकेल, म्हणून ते सूर खालीच ठेवायचे. क्रुसाच्या सणाला त्यांनी ते एका कोपऱ्यात बसून वाजवलं. कासियाना त्या वर्षी आली नाही, एक लामा व्यालीये असा निरोप आला. लामा एवढ्या उशिरा वीत नाहीत, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मग जून आला. सगळ्यांनी माळावर बटाटे पसरले. भावजी राखणीला बसले आणि राखणीला बसलेला माणूस वाजवतोच, तसे खेचर वाजवत राहिले. आणि आभाळ आलं. भर जूनमध्ये तीन दिवस राखाडी ढग, रात्री उबदार. चौथ्या दिवशी एस्कोलास्तिका मावशी, जिचे बटाटे सगळ्यात पुढे पसरलेले, ती ओंजळभर काळा लगदा घेऊन आमच्या दारात आली आणि भावजींच्या पायांजवळ तो हलकेच ठेवला.

"घे, मेलितोन," ती म्हणाली. "तुझ्या गितारियाने पिकवलेत."

त्याच दिवशी गावसभा बसली. गावचे मुख्य ताता निकासियो शांत माणूस, कोकाची पानं गालात धरून आधी सगळ्यांना बोलू देणारे. त्यांनी खेचर मांडीवर घेतलं. जोड्या मोजल्या, पाच. पण पाच तर दोन्हींना असतात. पाठ चाचपली, कोरीव, म्हणजे चारांगो. तारा पोलादी, म्हणजे चारांगो. दांडीवर चार बोटं आडवी ठेवून बघितली, ती मावली, म्हणजे गितारिया. मग जो तो सांगू लागला. एकाचं म्हणणं पाठीवरून धरायचं, दुसऱ्याचं दांडीवरून. लेआंद्रो म्हणाला, खेचराची आई घोडी असते म्हणून त्याला घोड्यातच धरावं. एस्कोलास्तिका मावशी म्हणाली, बाप गाढव असतो त्याचं काय, आणि भाऊही असतो. मी नवऱ्याचा सदरा मागून ओढला.

ताता निकासियोंनी भावजींना विचारलं, तुम्हीच केलंय, तुम्ही सांगा. भावजी चपला बघू लागले. सगळी सभा त्यांच्याबरोबर त्या चपला बघत बसली.

शेवटी तातांनी ठरवलं की माणसांना कळत नाही ते बटाट्यांना कळेल. प्रत्येक घरातून एक टोपली बटाटे माळावर वेगळे पसरायचे. तीन दिवस दुपारचं जेवण झालं की सूर्य डोंगराआड जाईपर्यंत भावजींनी त्यांच्यामध्ये बसून खेचर वाजवायचं, दुसऱ्या कोणी तार छेडायची नाही. रोज सकाळी बटाटे बघायचे. गोठले तर तो चारांगो. नाही गोठले तर ती गितारिया, आणि मग दर ईस्टरपासून नोव्हेंबरपर्यंत ती खुंटीवर राहील, मेलितोन जिवंत असेपर्यंत.

म्हणजे काय ते भावजींना समजलं आणि मला समजलं. बाईचं गाणं हिवाळ्यातलं. हिवाळ्यात हात रिकामा राहिला की कासियाना आयुष्यभर डोंगरावर आणि हे आयुष्यभर गोठ्यामागे.

पहिल्या सकाळी बटाटे नुसते ओले होते. दुसऱ्या सकाळी साल जरा कडक लागली, पण दाबलं की आत कच्चं. एस्कोलास्तिका मावशी एकेक बटाटा कानाशी हलवून बघत होती आणि प्रत्येकाला मान हलवून दाखवत होती. भावजींचा चेहरा मला बघवेना. मी पाठीवर घोंगडीत थोडं चीज बांधलं आणि सरळ वरच्या उताराची वाट धरली.

कासियाना लोकर कातत बसली होती. चीज तिने घेतलं, बस म्हणाली, आणि कातत राहिली. मी सगळं सांगितलं, बोटांचं, दांडीचं, बटाट्यांचं. आजची एकच दुपार उरलीय म्हणाले. तिने सूत तोडलं.

"हात गाढवाने मोडला, मान्य," ती म्हणाली. "तोंड कोणी मोडलं?"

"अगं, तुला माहीत आहेत ना ते."

"मला काय माहीत आहे? एक वर्ष सणाला आला नाही. का नाही आला? मला वाटलं, बाईचे टोमणे ऐकून कंटाळला. दुसऱ्या वर्षी म्हणे काहीतरी भलतंच वाजवतोय. मी कोणासाठी गायचं, खेचरासाठी? आणि आता आलं कोण, तर भावजय."

मी म्हटलं, घरात चालता बोलता माणूस मीच आहे, म्हणून मी आले. त्यावर ती हसली नाही, पण मला परत जाताना अर्धं चीज बरोबर दिलं. रागावलेली बाई सगळं परत करते. मी त्या अर्ध्या चीजवर भरवसा ठेवून उतरले.

घरी येऊन मी भावजींना एवढंच म्हटलं, की ती विचारत होती तोंड कोणी मोडलं. ते आत जाऊन खेचराच्या तारा पुसू लागले.

तिसऱ्या दुपारी अर्धं गाव माळावर होतं, काम असल्यासारखं करत. कोणी दोरी वळत होतं, कोणी पोती शिवत होतं. भावजी बटाट्यांच्या मध्ये बसून वाजवत होते. ऊन कलायला लागलं तेव्हा वरून लामा उतरताना दिसल्या, अठराच्या अठरा, आणि मागे कासियाना, सणाची टोपी घालून. लामांना तिने कडेला बसवलं, पोती ओलांडत सरळ भावजींसमोर येऊन उभी राहिली आणि थोडं ऐकलं.

"हा कोणाच्या गळ्याचा सूर?" तिने विचारलं. "बैलाच्या? चढव."

भावजींनी खुंट्या पिळल्या.

"अजून."

"दांडी वाकेल," भावजी म्हणाले. तीन दिवसांत गावाने ऐकलेले त्यांचे ते पहिले शब्द.

"वाकू दे. बोटं वाकलीत, दांडीलाही वाकू दे. चढव."

त्यांनी चढवल्या. एक तार तुटली, त्यांनी दुसरी लावली. दांडी कुरकुरली पण राहिली. जोडीमागून जोडी वर गेली, आणि सूर बाईच्या गळ्याला येऊन भिडला तसा तो आवाज बदलला. डबक्यातून निघून पापुद्र्यावर आला. ते मी माझ्या कानांनी ऐकलं. दोरी वळणारे हात थांबले.

मग ती गायली. पहिल्या ओळीत गाढवाला शिव्या, दुसरीत गाढवापेक्षा शहाणं कोण नाही ते सांगितलं, तिसरीत विचारलं की डोंगर चढायला बोटं लागतात की पाय. भावजींची ती दोन वाकडी बोटं रुंद दांडीवर अशी पडत होती की सरळ असताना पडली नसती. सूर्य गेला तरी तातांनी थांबा म्हटलं नाही, आणि एस्कोलास्तिका मावशीनेही आठवण करून दिली नाही. तिला गाणं फार आवडायचं, ते खोटं कशाला सांगू.

सकाळी माळावर पाय ठेवला तर गवत करकरत होतं. ताता निकासियोंनी दोन बटाटे उचलून एकमेकांवर आपटले. खट्ट. सगळ्यांनी आपापले उचलले आणि माळभर नुसतं खट्ट खट्ट झालं.

एस्कोलास्तिका मावशी मात्र सहजी हरणारी नव्हती. ती म्हणाली, दोन दिवस हे वाद्य एकटं वाजलं तेव्हा काही झालं नाही, हिव आणलं ते कासियानाच्या गळ्याने, खेचराने नाही. आणि खरं बघितलं तर तिच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. लोक तातांकडे बघू लागले.

तातांनी गालातली पानं इकडची तिकडे केली आणि निवाडा दिला. कासियाना सोबत गात असेल तर हा चारांगो. ती नसेल तर ही गितारिया. ईस्टरपासून नोव्हेंबरपर्यंत मेलितोनने तिच्याशिवाय तारेला हात लावायचा नाही.

भावजी चपला बघत होते. मग हळूच म्हणाले, "म्हणजे हिला रोज खाली आणावं लागेल."

"आणावं लागेल म्हणजे?" कासियाना म्हणाली. "मी काय पोतं आहे?"

भावजींनी मान वर केली. आयुष्यात पहिल्यांदा माणसाच्या चेहऱ्याकडे बघून बोलले असतील.

"तर मग तू मला वर ने," ते म्हणाले. "मी माणसं पाठवायला हवी होती विचारायला. नाही पाठवली. बोटांची लाज वाटली. आता मीच विचारतो."

कासियानाने लामा हाकायची दोरी खांद्यावर टाकली. "तुझी घोंगडी घेऊन ये," ती म्हणाली. "माझ्याकडे एकच आहे." सासूबाई घराकडे एवढ्या झपाट्याने निघाल्या की मला त्यांच्या गुडघेदुखीवर पुढे कधी विश्वास बसला नाही. आमच्यात बायको नवऱ्याच्या घरी जाते. पण भावजी एका बगलेत घोंगडी आणि दुसऱ्या बगलेत खेचर घेऊन लामांच्या मागून चढले, आणि त्याला कोणी नावं ठेवली नाहीत.

त्यांचा संसार सत्तावीस वर्षं चालला आणि तो सगळ्या गावाला सांभाळावा लागला. कारण दोघं भांडायची. म्हणजे कासियाना भांडायची आणि भावजी चपला बघायचे, त्यावरून ती अजून भांडायची. मग ती म्हणायची, मी गाणार नाही. इतर महिन्यांत चाललं असतं. पण मे संपत आला की गावाचं लक्ष वरच्या उतारावर. धूर एका चुलीचा निघतो की दोन चुलींचा, यावर पैजा लागायच्या. एका वर्षी बटाटे माळावर पसरले आणि वर अबोला. एस्कोलास्तिका मावशी, जिने सगळ्याला तोंड फोडलं होतं, तीच कोंबडी काखेत मारून वर गेली आणि दोघांना समोरासमोर बसवून म्हणाली, "तुमचं काय व्हायचं ते जुलैत होऊ दे. आता गा." म्हातारी शेवटपर्यंत म्हणायची की हिव आणणं कासियानाचंच काम आहे, बाकीचे नुसते वाजवतात.

मुलं झाली नाहीत. लामा तीसच्या वर गेल्या. खेचराची दांडी एकदा खरंच वाकली तेव्हा भावजींनी नवी बसवली, तितकीच रुंद. तरुण पोरं आता शहरातून शिकून येतात आणि कुठल्याही महिन्यात काहीही वाजवतात, ढग आले की त्यांचे आईबाप त्यांना घरात बोलावून घेतात. भावजींना मात्र कधी सांगावं लागलं नाही. ईस्टरनंतर कासियाना शेजारच्या गावी बहिणीकडे गेली की खेचर खुंटीवर जायचं, ती परतली की उतरायचं.

मग कासियानाचा घसा गेला. आधी खोकला, मग आवाज घोगरा, मग त्याही मागे काही उरलं नाही. बोलायची ती श्वासाने, कान जवळ नेला तर कळायचं. वैदू झाले, खालचा दवाखाना झाला. त्या वर्षी ईस्टर आला आणि खेचर खुंटीवरच राहिलं. भावजींनी कोणाकडे तक्रार केली नाही. निवाडा होता तो होता.

क्रुसाच्या सणाला मात्र कासियानाने स्वतः ते खाली उतरवलं आणि त्यांच्या मांडीवर आणून ठेवलं. सणाची टोपी घालून त्यांच्यासमोर उभी राहिली. भावजी तिच्याकडे बघत होते, ती हाताने खूण करत होती, चढव, अजून चढव. त्यांनी चढवलं आणि वाजवू लागले, आणि तिने तोंड उघडलं.

ताता निकासियो तेव्हा हयात नव्हते, त्यांचा पुतण्या मुख्य होता. तो आभाळाकडे बघत होता. एस्कोलास्तिका मावशी नव्वदीची, कानाला हात लावून बसली होती आणि मान डोलवत होती. बायका ठेका धरून पाय आपटत होत्या, एरवी आपटतात त्यापेक्षा जरा जोरातच.

त्या जूनमध्ये हिव चांगलं पडलं. मी कासियानाच्या अगदी खांद्याला लागून उभी होते. तिचे ओठ हलत होते, गळ्याची शीर ताणली जात होती, आणि आवाज नव्हता, अजिबात नव्हता. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. आणि गावात कोणी मलाही सांगितलेलं नाही.